एक फेब्रुवारीचं फाटक

डिम्प्ना किनार्नी मला कधी आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे फिन्टन गिनन म्हातारपणी गोड बोलायला लागला असं कोणी म्हणायला नको. गोड बोलणं मला जमत नाही. तिलाही जमत नव्हतं. आमच्या मोयडर्ग गावात कुठल्याही दोन माणसांचं एकमत होत नाही, पण आम्हा दोघांबद्दल एवढं एक मत सगळ्यांचं होतं.

ती मोयडर्ग हाउसच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्याच्या, फाटकावर राहायची. इस्टेटीची भिंत तीन मैल लांब, आणि त्या भिंतीला गावाच्या बाजूने एकच फाटक. फाटकाला चिकटून दोन खोल्यांचं दगडी घर. तिचा बाप मॅलकी तिथला फाटकवाला, त्याच्या आधी आजा. मॅलकी अठ्ठ्याहत्तर साली गेला तेव्हा डिम्प्नाला तीन गोष्टी मिळाल्या. ते घर, किल्ल्यांचा जुडगा आणि बापाचा मेंढीच्या लोकरीचा ओव्हरकोट. तो कोट तिने पुढची चाळीस वर्षं अंगावरून उतरवला नाही. जुलैमध्येसुद्धा नाही.

वाड्याची शेवटची मालकीण मिस सिसिली हॅलोवे. पंच्याऐंशी साली तिच्या छपरातून पाणी जेवणाच्या टेबलावर पडायला लागलं, तेव्हा तिने बाग लोकांना पाहायला खुली केली. बाग खरंच बघण्यासारखी होती, ते मी नाकारत नाही. तळं, भिंतीआडची फळबाग, मे महिन्यात घराएवढे फुलणारे ऱ्होडोडेंड्रॉन, तीनशे वर्षांचे ओक. डब्लिनहून, इंग्लंडहून, पार जर्मनीहून बसेस यायला लागल्या. आणि त्या सगळ्यांचं स्वागत करायला फाटकावर डिम्प्ना.

मी शाळेची बस चालवायचो. दुपारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास माझी बस त्या फाटकासमोरच उभी असायची, त्यामुळे तिचे पाणउतारे मी फुकटात ऐकले. एक बाई छोटं पांढरं कुत्रं काखेत घेऊन आली.

"कुत्रा बाहेर," डिम्प्ना म्हणाली.

"अहो, तो काही करत नाही."

"मग बाहेरही काही करणार नाही."

दुसरा एक गृहस्थ कॅमेरा गळ्यात घालून आत गेला आणि वीस मिनिटांत परत आला. चांगली बाग आहे, म्हणाला. डिम्प्ना फाटकात आडवी उभी राहिली.

"झालं बघून?"

"हो, छान होतं."

"लावायला दोनशे वर्षं लागली. तळ्याच्या पलीकडे गेलात?"

"नाही, चिखल होता."

"बूट कशाला घातलेत मग? परत जा."

आणि तो गेला. तिकीट काढून आलेला शहाणा माणूस, मुकाट्याने वळून तळ्याच्या पलीकडे गेला. मी बसमध्ये बसून हसलो, पण त्यातही तिचा राग आलाच. बाग हॅलोव्यांची, भिंत हॅलोव्यांची, आणि तोरा हिचा. आमच्या गावात त्या भिंतीचा राग रक्तात आहे. ती भिंत आमच्याच पणज्यांनी दुष्काळात वाटीभर मक्याच्या पिठावर रचली. त्या भिंतीच्या मालकांचा आम्हाला राग होता, आणि मालकांपेक्षा मालकाची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या आपल्याच माणसाचा जास्त.

पण खरा राग एक फेब्रुवारीचा.

फाटकातून एक वाट आत जाते, तळ्याला वळसा घालून ओकच्या झाडीत शिरते आणि पलीकडे, जळणाची पीट-माती काढतात त्या दलदलीच्या रस्त्याला लागते. त्या वाटेने गावाला कायम जाऊ दिलं जायचं, तिकीट नाही काही नाही. मात्र कायदा असा, की लोक एखाद्या वाटेने वर्षानुवर्षं बिनअडथळा, न विचारता चालले, तर ती वाट लोकांची होते. हे जमीनदारांना आमच्याआधी कळलं होतं. म्हणून मिस सिसिलीच्या आजाने युक्ती काढली. वर्षातून एक दिवस फाटकाला साखळी घालायची, कुलूप लावायचं आणि पाटी टांगायची. 'खासगी. आज बंद.' तीनशे चौसष्ट दिवस चाला, पण त्या एका दिवशी कळलं पाहिजे की चालताय ते आमच्या मेहेरबानीने.

दिवस त्याने निवडला एक फेब्रुवारी. सेंट ब्रिजिडचा दिवस. मुद्दाम निवडला असं आम्ही मानतो, कारण त्याच दिवशी गावातल्या बायका लव्हाळ्याचे क्रूस विणून त्या वाटेने किलीनला जायच्या.

किलीन म्हणजे तळ्यामागची ओकच्या झाडीतली टेकडी. बाप्तिस्मा होण्याआधी मेलेली बाळं तिथे आहेत. पाद्री त्यांना चर्चच्या आवारात घेत नसे. मग बाप दिवेलागणीला खोका काखेत मारून त्या फाटकातून जायचा, आणि मॅलकी किनार्नी फावडं घेऊन बरोबर जायचा. आईला कोणी नेत नसे. वर नाव नाही, तारीख नाही, फक्त शेतातला एक दगड. माझा धाकटा भाऊ तिथे आहे. पंचावन्न साली जन्मला आणि तासाभरात गेला. पाद्री पोचला तेव्हा माझ्या बापाने खोका शोधायला सुरुवात केली होती. तारीख होती एक फेब्रुवारी.

म्हणजे माझ्या आईला, जोसी गिननला, वर्षभर कधीही त्याच्याकडे जाता यायचं, फक्त त्याच्या दिवशी नाही. त्या दिवशी डिम्प्नाची साखळी. आणि वर काय, तर आदल्या दिवशी, एकतीस जानेवारीला, ही बाई तेलाचा डबा घेऊन फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसायची. उद्या बंद ठेवायच्या फाटकाला आज तेल. पबमध्ये आम्ही यावर हसायचो. एवढा माज, आम्ही म्हणायचो, की आपल्याला हाकलायचं तेही चकचकीत फाटकातून.

शहाण्णव साली बाप गेला आणि त्या फेब्रुवारीत आई पहिल्यांदाच मला म्हणाली, "मला आज त्याच्याकडे ने."

"आज बंद असतं, आई."

"मला माहीत आहे काय असतं. ने."

मी शाळेची पहिली फेरी आटोपून तिला गाडीत घातलं. फाटकाला साखळी होती, कुलूप होतं, पाटी होती. डिम्प्ना दारात हाताची घडी घालून उभी, बापाचा कोट अंगात. मी गाडीची काच खाली केली. उतरलो नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हे भर कोर्टात निघालं.

"उघड," मी म्हणालो. "माझी आई आहे गाडीत."

"पाटी वाच, फिन्टन. ती मी लिहिलेली नाही."

"पाटी नको शिकवूस मला. पाच मिनिटांचं काम आहे."

"फाटकाशी बोल. माझ्याशी काय बोलतोस?"

मग माझं डोकं फिरलं. आणि मी जे बोललो ते असं: "तुझ्या पोटी पोर नाही, तुला काय कळणार ती आत कोणासाठी चाललीय?"

 तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, मागच्या सीटवरच्या आईकडे पाहिलं आणि घरात जाऊन दार लावलं. मी जिंकलो असं मला वाटलं. संध्याकाळी पबमध्ये मी ते वाक्य सगळ्यांना पुन्हा ऐकवलं, आणि लोकांनी माझ्यासाठी पेले भरले.

 त्याआधी आईला घरी आणलं, तेव्हा टोपी काढता काढता ती म्हणाली, "तसं बोलायचं नव्हतंस तू."

"तिने फाटक उघडायला हवं होतं."

"तू गाडीतून उतरायला हवं होतंस," आई म्हणाली, आणि विषय संपला.

त्यानंतर आईने एक फेब्रुवारीचं नाव काढलं नाही. दोन तारखेला चर्चमध्ये मेणबत्त्यांचा सण, त्यामुळे आदल्या दिवशी पितळेची मेणबत्तीदानं घासायचं काम तिने अंगावर घेतलं. दर वर्षी मीच तिला सकाळी चर्चच्या दारात सोडायचो आणि शाळेच्या फेरीला जायचो. चर्चपासून इस्टेटीचं फाटक दोनशे पावलं. मला वाटायचं, चला, तिने मनावर दगड ठेवला. आणि तो दगड ठेवायला लावणाऱ्या बाईचं तोंड पाहायला नको म्हणून मी फाटकासमोर बस उभी करणं सोडून दिलं. गावानेही तेच केलं. दुकानात डिम्प्ना आली की बोलणं थांबायचं. ती चहा, पाव, डुकराचं खारं मांस घ्यायची, सुटे पैसे मोजून टेबलावर ठेवायची आणि कोणाकडे न बघता जायची. वीस-बावीस वर्षं हे असं चाललं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार सतराच्या शरदात मिस सिसिली गेली. वारस परदेशातला. त्याने वर्ष व्हायच्या आत सगळं एका कंपनीला विकलं, आणि कंपनीने डेलाहंट नावाचा व्यवस्थापक पाठवला. तरुण, तुकतुकीत, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा. तिकीट तिप्पट झालं. फाटकावर यंत्र आलं. त्या तीनशे वर्षांच्या ओकवर खिळे ठोकून त्याने लाकडाची इवली इवली रंगीत दारं बसवली, परीची दारं म्हणे, पोरांनी शोधायची. ओकला खिळा ठोकणाऱ्या माणसाशी माझं कधीच जमणार नव्हतं. पण तो तिथे थांबला नाही. एप्रिलमध्ये त्याने वेल्डर आणला आणि गावाच्या बाजूचं फाटक कायमचं जोडून टाकलं. येणाऱ्यांनी आता मुख्य रस्त्याने, गाडीतळातून, तिकीट काढून यायचं. आणि त्याने छापलेल्या नकाशात तळ्यामागच्या टेकडीवर लिहिलं होतं: 'परीचं गाव'. घसरगुंडी, दोरीचे पूल. किलीनवर.

मी त्याच्याकडे गेलो. त्याने मला कॉफी देऊ केली.

"फिन्टन, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"तुम्ही मला ओळखत पण नाही, भावना कुठून समजल्या?"

"तिथे एकही नाव नाही, कुठे नोंद नाही. आम्ही सर्वेक्षण केलंय. आणि वाट म्हणाल तर ती सवलत होती. दर वर्षी एक दिवस ती बंद होत होती ना?"

एवढं त्याला कोणी सांगितलं हे विचारायची गरज नव्हती. इस्टेटीच्या रोजनिशीत दर वर्षी मिस सिसिलीच्या हातचं लिहिलेलं होतं: 'एक फेब्रु. फाटक बंद. डि. कि.' डिम्प्ना किनार्नी. चाळीस वर्षं, चाळीस नोंदी. आमच्या पोरांनी गावातून वर्गणी काढून ऑर्ला टायनन नावाची वकीलबाई लावली. तिने कागद पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"या दिवशी कोणी आत गेलं होतं का?" तिने विचारलं. "एखादा माणूस, जो दर वर्षी गेला?"

आम्ही माना हलवल्या. कोणी गेलं नव्हतं. साखळी होती ना.

"मग ती बाई काय सांगते यावर सगळं आहे," ऑर्ला म्हणाली. "आणि ती त्यांची साक्षीदार आहे."

डिम्प्नाने कंपनीला लिहून दिलं होतं की दर एक फेब्रुवारीला साखळी आणि कुलूप मीच लावलं. तेव्हाही ती त्याच घरात राहत होती. नोकरी गेली तर घर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सत्तरीची बाई जाणार कुठे? मी गावाच्या बैठकीत उभा राहून म्हणालो, "ती आपल्याला बुडवणार. किनार्नी लोकांनी आणखी काय केलंय?" लोकांनी टेबलं बडवली. आई त्या बैठकीत माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. तिने टेबल बडवलं नाही. मी म्हटलं, वय झालं, ऐकू आलं नसेल.

ऑक्टोबरात जिल्ह्याच्या कोर्टात सुनावणी झाली. आईने हट्ट धरला म्हणून तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. डिम्प्ना साक्षीला उभी राहिली, अंगात तोच कोट. कंपनीचा वकील गोड होता.

"मिस किनार्नी, दर वर्षी एक फेब्रुवारीला फाटक तुम्ही बंद करत होता?"

"साखळी मी लावत होते."

"आणि कुलूप?"

"कुलूप साखळीत अडकवत होते."

"म्हणजे फाटकाला कुलूप लावलेलं असायचं."

"कुलूप अडकवलेलं असायचं," डिम्प्ना म्हणाली. "किल्ली मी फिरवत नव्हते."

वकिलाने कागदातून मान वर काढली. "कधी?"

"कधीच नाही. अठ्ठ्याहत्तरला बाप गेला. त्यानेही फिरवली नव्हती. मला म्हणाला, साखळी बाईसाहेबांना वरच्या खिडकीतून दिसते, किल्ली दिसत नाही."

"मिस हॅलोवे तुम्हाला विचारत असतील."

"विचारायच्या, साखळी लावली का. मी म्हणायची, लावली."

कोर्टात कुजबुज सुरू झाली. माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकील पाणी प्याला आणि त्याच्या लक्षात आलं की अजून सगळं गेलेलं नाही. तो सावरून म्हणाला, "ठीक. पण साखळी पाहून लोक परत जात होते. बरोबर?"

"बरोबर."

"सगळे?"

तेव्हा ती वळली आणि तिने आमच्या बाकांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं दुकानात जिने मान वर केली नाही, तिने एकेकाला नीट पाहून घेतलं.

"बिजागऱ्यांना आदल्या दिवशी मी तेल घालत होते," ती म्हणाली. "एका बोटाने उघडलं असतं. साखळी नुसती ओघळली असती. पण या लोकांपैकी एकानेही हात लावला नाही. रस्त्याच्या पलीकडून बघायचे, मला शिव्या द्यायचे आणि पबमध्ये जायचे. तो फिन्टन गिनन तर गाडीतून खाली पण उतरला नाही."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाचे कान लाल होतात का? होतात. मला माझाच राग आला, आणि त्याहून जास्त तिचा. सांगितलं का नाहीस, असं ओरडावंसं वाटलं. पण कोणाला सांगणार होती ती? तिच्याशी बोलत कोण होतं?

ऑर्ला उलटतपासणीला उठली. ती जपून बोलत होती. "म्हणजे त्या दिवशी त्या फाटकातून कोणीच गेलं नाही?"

"मी जायची. तळ्यामागे माझी बहीण आहे. माझ्यासोबत जन्मलेली. मी सात मिनिटं आधी आले, पाद्री माझ्यापर्यंत पोचला, म्हणून मला नाव आहे."

 मी शहाण्णव साली गाडीच्या काचेतून काय बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तिथल्या निम्म्या लोकांनाही आठवत होतं, कारण मीच ऐकवलं होतं.

"तुम्ही इस्टेटीच्या नोकर होता," ऑर्ला हळूच म्हणाली. "तुमचं जाणं धरता येणार नाही. दुसरं कोणी?"

डिम्प्नाने कोटाचं वरचं बटण लावलं.

"मिस किनार्नी, तुम्ही शपथ घेतली आहे," ऑर्लाने आठवण करून दिली.

"दुसऱ्याचं मी सांगणार नाही. ज्याचं त्याने सांगावं."

तेवढ्यात माझ्या शेजारी खुर्ची करकरली. एकोणनव्वद वर्षांची माझी आई दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून उभी राहत होती.

"बस, आई," मी म्हणालो.

"तू बस," आई म्हणाली. आणि न्यायाधीशाला म्हणाली, "साहेब, मी जात होते."

थोडी कायद्याची बाचाबाची झाली, पण शेवटी तिला शपथ दिली. आईने सांगितलं ते असं. मी डिम्प्नाला बोललो त्याच्या पुढच्या वर्षी, एक फेब्रुवारीला, ती मनुकांचा केक घेऊन फाटकावर गेली. मुलाच्या वतीने माफी मागायला. डिम्प्नाने केक घेतला, माफीबद्दल काही बोलली नाही, आणि घरात गेली. आई फाटकापाशी एकटी उरली. तिला बेचाळीस वर्षांपूर्वीचा खोका आठवला, आणि तिने फाटक ढकललं.

"उघडलं," आई म्हणाली. "मग गेले. मग दर वर्षी गेले."

कंपनीचा वकील उठला. "गेटवालीच्या परवानगीने."

"कसली परवानगी? ती कधी एक शब्द बोलली नाही. दारातही येत नव्हती. मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी मला अडवलं नाही. भर सकाळी जायची, रस्त्यावरून कोणीही बघावं. पण त्या दिवशी फाटकाकडे कोणी बघायचंच नाही."

"किती वर्षं?"

"सत्त्याण्णवपासून अठरापर्यंत. मोजा."

न्यायाधीशाने मोजली. कायद्याप्रमाणे त्याला सलग वीस हवी होती. आईकडे बावीस होती.

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?" ऑर्लाने विचारलं, आणि खरं तर तो प्रश्न माझा होता.

"तिचं घर जाईल म्हणून. ती स्वतः बोलेपर्यंत मला बोलता येत नव्हतं." मग आईने माझ्याकडे पाहिलं. "आणि याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पबला कळलं असतं."

लोक हसले. मी हसलो नाही.

वाट आमची झाली, किलीनवरचं परीचं गाव नकाशातून गेलं. आणि निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात डिम्प्नाला घर सोडायची नोटीस आली. गाव लाजलं, पण आमच्याकडे लाज वाटली की लोक तोंड लपवतात, मदतीला येत नाहीत. पालिकेने तिला गावातच एक छोटं घर दिलं, आमच्यापासून दोन दारं सोडून. सामान हलवायला मी गाडी घेऊन गेलो. आईने पाठवलं होतं, नाहीतर गेलो असतो की नाही, शपथेवर सांगत नाही.

सामान थोडंच होतं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "डिम्प्ना, त्या दिवशी मी जे बोललो..."

"कुठल्या दिवशी? तू बरेच दिवस बोललास."

"शहाण्णव साली. गाडीतून."

"त्याची माफी तुझ्या आईने मागितलीय. केक आणला होता तिने. तू काय आणलंस?"

मी रिकाम्या हातांकडे पाहिलं. "काही नाही."

"मग ती पेटी उचल. आणि खालून धर, तळ सैल आहे."

मी पेटी उचलली, खालून धरून.

त्यानंतरच्या एक फेब्रुवारीला आईला खुर्चीत बसवून मी फाटकावर नेलं. मागे वीस-पंचवीस माणसं होती, बायकांच्या हातात लव्हाळ्याचे क्रूस. वेल्डिंग कोर्टाच्या हुकमाने कापलेलं होतं. पण डेलाहंटला हार पचली नव्हती. फाटकावर कोरी करकरीत साखळी लावलेली, त्यात कुलूप, आणि नवी पाटी: 'खासगी. आज बंद.'

सगळे थांबले. मीही थांबलो. माझं डोकं तापलं आणि मी सुरू झालो. हा डेलाहंट, याची कंपनी, याच्या परीची दारं, कोर्टाचा अपमान, आता ऑर्लाला फोन करतो, पोलिसांना बोलावतो. मागची माणसं हो हो करत होती. कोणीतरी म्हणालं, चला, पबमध्ये बसून ठरवू. आई खुर्चीत मान खाली घालून बसली होती.

डिम्प्ना मागून पुढे आली, कोटाच्या खिशात हात घालून, आणि फाटकापासून चार हात लांब उभी राहिली.

"फिन्टन," ती म्हणाली, "तोंड बंद कर आणि ढकल."

"कुलूप आहे."

"दिसतंय मला. ढकल."

मी ढकललं. कुलूप साखळीत नुसतं अडकवलेलं होतं. बंद करायची हिंमत कोर्टानंतर त्याच्यातही नव्हती. साखळी ओघळून चिखलात पडली आणि फाटक आवाज न करता आत गेलं. मी बिजागरीला बोट लावलं. ताजं तेल होतं.